हलते काका

उभी असलेली वस्तू काकांना दिसत नाही. डोळ्यांत दोष नाही. दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत आणि वाकोला ब्रिजवरून उतरणाऱ्या बसचा नंबर ते आम्हा सगळ्यांच्या आधी वाचतात. पण बस स्टॉपवर येऊन थांबली की त्यांच्या लेखी विषय संपतो. त्यामुळे ती कधी कधी चुकतेही.

पावसाळ्यात त्यांना पुढची काच नीट दिसेल अशी सीट लागते. मिलन सबवेत पाणी भरलंय का, याची सगळ्या बसला चिंता, आणि काकांचं लक्ष वायपरवर. "मोटर एकाच दिशेने गरगर फिरतेय. वायपर मात्र जातोय नि येतोय, जातोय नि येतोय. कसं काय?" हा प्रश्न ते शेजारच्या माणसाला विचारतात. शेजारचा माणूस सांताक्रूझला लोकल पकडायला निघालेला असतो. त्याला हा प्रश्न आजवर पडलेला नसतो आणि आज पडावा अशी त्याची इच्छाही नसते. काका मग दोन्ही हातांची बोटं त्याच्या नाकासमोर जुळवून चौकोन करतात. एक दांडी गाडीच्या अंगाला पक्की, दुसरी मोटरबरोबर पूर्ण फेरी मारणारी, तिसरी नुसती डोलणारी आणि चौथी त्या दोघींना बांधून ठेवणारी. फोर बार लिंकेज. माणूस सुटका व्हावी म्हणून मान हलवतो. काकांना ती मान किती अंशातून हलली तेही दिसत असावं.

"आज दिवसभर फोर बार केले, डोकं गरगरतंय," असं ते एकदा जिन्यात कोणाला तरी बोलून गेले. आमच्या भागात परमिट रूमची वाण नाही. पुढचे काही दिवस इमारतीतल्या बायका काकूंशी फार हळुवार बोलत होत्या.

काका मरोळच्या एमआयडीसीत टूलरूमला होते. डाय, जिग, फिक्स्चर यांत हयात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गावी घर बांधतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन पार्किंगवरून भांडतात. काका यातलं काहीच करेनात. अजूनही सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी लावून ते तयार असतात. कशासाठी, ते त्यांनाही बरेच दिवस कळत नव्हतं. मग मुलाने जुना फोन दिला. त्यावर लोक नातवंडांचे फोटो बघतात. काकांनी बघितलं ते हे, की हा चपटा तुकडा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो. "साठ! अख्खा सिनेमा चोवीसवर चालत आला." सिनेमाही त्यांनी जन्मभर उलट्या तोंडाने पाहिला होता. फिल्मची पट्टी क्षणभर थांबवून पुढे सरकवणारं चार खाचांचं जिनिव्हाचं चाक प्रोजेक्टरमध्ये असतं, ते बघायला मिळावं म्हणून ऑपरेटरशी ओळख काढायची. हिरो-हिरॉइनचं पुढे काय झालं, ते घरी आल्यावर काकू सांगत.

त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं. एक अ‍ॅप करायचं. बोटाने दांड्या काढायच्या, सांधे जोडायचे, एका दांडीला मोटर लावायची, आणि सगळं हलताना बघायचं. कागदावर जन्मभर जे मेलेलं काढलं, ते एकदा जिवंत बघायचं.

'हलते काका' हे नाव मात्र त्याच्या किती तरी आधीचं, गणपतीतलं. मंडळाने त्या वर्षी सुदाम्याच्या पोह्यांचा देखावा ठरवला आणि तो हलता हवा होता. काकांनी सीएसटी रोडवरच्या भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, पट्ट्या कापल्या, भोकं पाडली आणि कृष्णाचा उजवा हात पुरचुंडीपर्यंत जाऊन परत तोंडाशी येईल अशी जोडणी केली. हात गेला, हात आला. पण अशा जोडणीत जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं नाही. शेपिंग मशीनमध्ये तर मुद्दाम तसं करतात: हत्यार कापताना सावकाश जातं, रिकामं परतताना झपकन येतं. क्विक रिटर्न. काकांच्या जोडणीत ते न बोलावता उतरलं. परिणामी द्वारकाधीश अतिशय संकोचाने हात पुढे न्यायचे आणि पोह्यांना हात लागला रे लागला की हिसकावून तोंडाशी न्यायचे. पहिल्या रात्री पोरं हसली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले.

"काका, देव आहे तो."

काकांनी मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या. आता देव झडप घालायचे आणि मग बराच विचार करत खायचे. सुदामा दोन्ही वेळा सारखाच घाबरलेला दिसत होता. अध्यक्षांनी हात जोडले ते नक्की कोणाला, हे सांगता येणार नाही. काका मात्र दहा दिवस मांडवाच्या मागे स्टूल टाकून खुशीत बसले होते आणि दर्शनाला आलेल्या माणसांना पडदा उचलून सांगत होते, "समोरून काय बघताय? मागून बघा, मागून!" बरेच जण मागून बघून गेले. काही जण समोरून बघायचंच विसरले.

त्यांची दैवतं वेगळी. देवघराच्या शेजारी, दत्ताच्या तसबिरीला लागून, मासिकातून कापलेलं शंकर आबाजी भिसे यांचं चित्र आहे. १८६७ साली मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ लंडनला गेले, तिथे त्यांनी छपाईचे खिळे ओतणारं यंत्र काढलं, दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी खटपट केली, आणि पुढे १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ते वारले. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणायचे. काका एडिसनला अमेरिकेचे भिसे म्हणतात.

दुसरा लाडका जेम्स वॉट, पण वाफेच्या इंजिनासाठी नाही. इंजिनाचा दट्ट्या सरळ वर-खाली जातो, आणि त्याला जोडलेल्या तुळईचं टोक मात्र कमानीत फिरतं. या दोघांचं लग्न लावायला वॉटने १७८४ साली तीन दांड्यांची एक जोडणी काढली. तिच्यातला एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेत जातो. आपल्या सगळ्या करामतींत या जोडणीचा आपल्याला जास्त अभिमान वाटतो, असं त्याने म्हातारपणी मुलाला लिहिलं. 'जवळजवळ' हा शब्द काका दोनदा उच्चारतात. कारण सपाट दांड्यांच्या जोडणीतून अगदी सरळ, पट्टीला पट्टी लागेल अशी रेघ निघायला १८६४ उजाडलं. पोसेलिए नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने सात दांड्या लावून ती काढली. "ऐंशी वर्षं! सरळ रेघ काढायला जगाला ऐंशी वर्षं लागली," हे काका जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याला सांगतात. इस्त्रीवाला त्यांचा हक्काचा श्रोता, कारण तापलेली इस्त्री टाकून त्याला कुठे जाता येत नाही. "इथे दत्त मंदिर रोडची गटाराची रेघ सरळ यायला किती लागतील बघू," तो शर्टाची कॉलर उलटत म्हणाला.

प्रोग्रामिंग काका यूट्यूबवरून आणि भाच्याकडून शिकले. पद्धत त्यांची स्वतःची. आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने सगळा कोड लिहायचा, चूक झाली तर रबराने खोडायची, मग लॅपटॉपवर एका बोटाने उतरवायचा. भाचा म्हणाला, "मामा, यात अन्डू असतं." मामा म्हणाले, "खोडलेलं कागदावर थोडं दिसतं. ते दिसायला पाहिजे." अ‍ॅपचा पहिला पडदा तयार झाला तेव्हा त्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ड्रॉइंगवर असतो तसा टायटल ब्लॉक होता: ड्रॉन बाय, चेक्ड बाय, स्केल, तारीख. पक्क्या जमिनीखाली मारायच्या तिरक्या रेघा अचूक पंचेचाळीस अंशाच्या. 'चेक्ड बाय' रिकामं राहिलं. त्यांच्या टूलरूममध्ये ज्याने ड्रॉइंग काढलं त्यानेच ते तपासायची पद्धत नव्हती. त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "नीट न बघता सही मी एकदाच केली, रजिस्टर ऑफिसात. ती पुरे."

मग एके दुपारी घरातून आवाज आला, "गेला! अरे, गेला!" तळमजल्यापासून सगळे धावले. समोरच्या वहिनी चप्पल न घालता आल्या, वॉचमनने फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावायला घेतला. आत काका धडधाकट. फोन हातात आणि पडदा कोरा. चालता चालता त्यांची जोडणी नाहीशी झाली होती.

त्याचं कारण त्यांनी त्या जमलेल्या सगळ्यांना, आलाच आहात तर, म्हणून समजावलं, आणि ते खरोखर ऐकण्यासारखं आहे. दोन दांड्या जिथे जुळतात तो सांधा कुठे येईल हे काढायला संगणक दोन वर्तुळं काढतो, एकेका दांडीच्या लांबीचं. ती जिथे छेदतात तिथे सांधा. छेद दोन ठिकाणी येतात, त्यातला मघाच्या जागेजवळचा घ्यायचा. पण दांड्या पूर्ण ताणून एका रेषेत आल्या की वर्तुळं एकमेकांना नुसती टेकतात. हा डेड सेंटर. इथे वर्गमुळाखाली शून्य यायला हवं. संगणकाच्या दशांशांत बारीक चूक असते, तो शून्याऐवजी शून्याच्या केसभर खालचा आकडा आणतो आणि उणे आकड्याचं वर्गमूळ त्याला काढता येत नाही. तो म्हणतो, 'नॉट अ नंबर'. मग ज्या ज्या आकड्याशी याची बेरीज-वजाबाकी होते तो तो आकडाही आकडा राहत नाही, आणि बघता बघता अख्खं यंत्र पडद्यावरून गायब. "म्हणजे एकामुळे सगळे बिघडले," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या माहेरच्या मालमत्तेचा दावा चालू आहे. त्यांना लगेच कळलं. काकांनी उणे केसभर आलं तर शून्य समजायचं अशी ओळ वहीत लिहिली, खोडली, परत लिहिली.

असं करत चार वर्षं गेली. कधीही विचारा, उत्तर एकच: "थोडं राहिलंय." सांध्यांचा रंग राहिलाय, मोजमापाचे बाण राहिलेत, दांडी दांडीवरून जाताना वर कोणती दिसावी ते राहिलंय. काकूंच्या हिशेबाने मोरीतल्या गळक्या नळाचंही त्याच काळात थोडंच राहिलं होतं. या जातीची माणसं काम अपुरं ठेवत नाहीत. ती ते संपू देत नाहीत, हा फरक मला काकांकडे बघून कळला. संपलं की ते उभं राहणार. आणि उभी वस्तू त्यांना दिसत नाही, हे वर आलंच आहे.

शेवटी भाचा चिडला आणि गूगल प्लेवर त्यांच्या नावाने खातं उघडून आला. फी पंचवीस डॉलर, एकदाच. अ‍ॅपलला दर वर्षी नव्व्याण्णव पडतात हे कळल्यावर काकूंनीही पंचवीसला मान्यता दिली. पुढे फॉर्म. अ‍ॅपमध्ये हिंसा आहे का? काका बराच वेळ विचार करत बसले. क्रँकमध्ये बोट सापडलेला माणूस त्यांनी पाहिला होता. जुगार? अश्लीलता? अमली पदार्थ? "साध्या दांड्या आहेत हो," ते स्क्रीनला म्हणाले. वापरणाऱ्याची माहिती गोळा करत नसलात तरी गोपनीयतेचं धोरण लागतं. त्यांनी लिहून दिलं: 'मी कोणाचीही माहिती घेत नाही. मला तेवढा वेळ नाही.' भाच्याने त्याचं दीड पानाचं इंग्रजी केलं. नावाला तीस अक्षरांची मर्यादा, आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. 'समतलीय यंत्रणांचे गतिदर्शन' अशी सुरुवात करून काकांना पुढे बरंच सांगायचं होतं. मर्यादा तिथेच संपत आली. "नुसतं 'हलतंय' ठेवा," काकू आतून म्हणाल्या.

आणि मग तो नियम आला. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर अ‍ॅप जगासमोर मांडण्याआधी वीस माणसांनी सलग चौदा दिवस ते चाचणीसाठी घेतलेलं हवं.

जन्मभर काकांचा संबंध मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी आला. वीस माणसांशी आलेला नव्हता.

संध्याकाळी ते वही घेऊन बाहेर पडू लागले. माणसाचं जीमेल लागतं. आमच्या गल्लीत फोन सगळ्यांकडे, पण आपलं जीमेल काय, हे कोणाला ठाऊक नाही. "ते मोबाइलवाल्याने काढून दिलं," हे उत्तर प्रत्येक दारात. मोबाइलवाल्याने बऱ्याच जणांना आपल्याच दुकानाच्या नावाने आकडे बदलून काढून दिलेलं. वॉचमनचा फोन भरलेला, गुड मॉर्निंगची गुलाबं काढल्याशिवाय जागा होईना, आणि गुलाबं काढायला तो तयार नाही, कारण ती त्याच्या बहिणीने पाठवलेली. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने मोठ्या उत्साहाने हात वर केला, तर त्याचा आयफोन. कलिना कॅम्पसमध्ये शिकणाऱ्या दोन पेइंग गेस्ट मुली मिळाल्या. वाणी मिळाला. सेंट अँथनी चर्चमध्ये क्वायरला गाणारे तिसऱ्या मजल्यावरचे अंकल मिळाले. मीही नाव दिलं. ओढून-ताणून सतरा झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने वीसचे बारा केले.

दुसरा कोणी असता तर सतराच्या सतरा ठेवून पेढे वाटले असते. काकांनी आमच्यातल्या पाच जणांना घरी बोलावलं, चहा दिला, आणि काढून टाकलं.

"वाईट वाटून घेऊ नका. यंत्रात जास्तीची दांडी असली की ते अडकतं. तुम्ही पाच रिडंडंट."

मी त्या पाचांत होतो. वॉचमनही होता. बहिणीची निम्मी गुलाबं काढून त्याने जागा केली होती. तो एक महिना काकांना गेट उघडून देईना. आयुष्यभर प्रत्येक बोल्टला चारचा फॅक्टर ऑफ सेफ्टी धरलेल्या माणसाने इथे मात्र बाराला बारा ठेवले. एक नाही वर, एक नाही खाली.

त्या बारांत तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या मावशी होत्या. त्यांच्यासाठी काकांनी खास त्यांच्याच पायमशीनची मापं घेऊन ते अ‍ॅपमध्ये उभं केलं होतं. वायपरच्या बरोबर उलट मामला: इथे डोलणारं पायडल चालवतं आणि चाक फिरतं. मावशींनी बोटाने पायडल दाबलं. चाक अर्धं फिरलं आणि थांबलं. वर ओढलं, तर आलं त्याच वाटेने परत गेलं.

"काका, हे उलटं जातंय. दोरा गुंतेल."

"मावशी, यात दोरा नाहीये."

"नसू दे. उलटं ते उलटंच."

काकांनी डेड सेंटर समजावायला बोटं जुळवली. मावशींनी हातातला ब्लाउज बाजूला ठेवला. "ते माहितीये मला. पाय तिथे अडकतोच. म्हणून सुरुवातीला हाताने चाकाला झटका द्यायचा, मग पाय मारायचा. एकदा चाकाने वेग धरला की ते आपलं आपण तेवढं पार करतं. तुमच्या चाकाला वजनच नाही. ते कशाच्या जोरावर पुढे जाणार?"

काका घरी आले ते गप्प. काकूंनी ताप बघितला. त्यांच्या अ‍ॅपमध्ये नुसती भूमिती होती, आणि भूमितीला डेड सेंटरवर दोन्ही वाटा सारख्याच. लोखंडी चाकाचा जड काठ आधीचा वेग घेऊन येतो म्हणून खरं मशीन अडत नाही. चार वर्षं वहीत जे आलं नाही ते तळमजल्यावर बाराही महिने पायाने चाललं होतं. रात्री त्यांनी चाकाला आठवण दिली: कुठल्या दिशेने येत होतास ते लक्षात ठेव, आणि टेकण्याच्या जागी त्याच दिशेने पुढे जा. शिवाय बोटाने चाकालाही झटका देता येईल अशी सोय केली. मावशींनी दुसऱ्या दिवशी दुपारभर पायडल मारून बघितलं, गिऱ्हाइकं तिष्ठत ठेवली, आणि मग विचारलं, "सही कुठे करायची?" 'चेक्ड बाय'च्या चौकटीत आता 'मावशी, तळमजला' असं आहे.

अकराव्या दिवशी अंकलनी घोटाळा केला. आपण यादीत अजून आहोत ना, हे बघायला त्यांनी काकांनी पाठवलेली लिंक पुन्हा उघडली. त्या पानावर एकच बटण होतं. अंकल शिस्तीचे; बटण दिसलं की दाबतात. ते बाहेर पडण्याचं बटण होतं. बाराचे अकरा झाले आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून आली.

काका परत आमच्याकडे आले. या वेळी चहाबरोबर खारी होती. आम्ही चौघांनी फार ताणलं नाही. वॉचमनने मात्र अट घातली, की आधी रिडंडंट म्हणजे काय ते सांगा आणि मग तो शब्द परत घ्या. काकांनी गेटपाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तो परत घेतला. सतराही जण आत आल्यावर यंत्र अडकलं नाही, हे त्यांनी वहीत नोंदवलं, पण पेन्सिलीने.

चौदा दिवस भरले. मग जगासमोर जाण्याची परवानगी मागताना आणखी प्रश्न असतात: चाचणीत काय कळलं, काय बदललंत. टेस्टर जमवणं किती सोपं गेलं, असाही एक प्रश्न होता. काकांनी 'सोपं' वर बोट ठेवलं. काकूंनी चष्मा खाली करून त्यांच्याकडे फक्त बघितलं. बोट दोन घरं सरकलं.

अ‍ॅप आलं. गल्लीत सगळ्यांनी उतरवून घेतलं, गावाकडच्या नातेवाइकांना पाठवलं, इस्त्रीवाल्याने वॉट साहेबांची जोडणी आपल्या भावाला जौनपूरला पाठवली. पाच तारे देण्यात इमारतीने कसूर केली नाही. मग बाहेरचा पहिला अभिप्राय आला. एक तारा. 'गेम सुरूच होत नाही.'

काका पेटले. अभिप्रायाला उत्तर देता येतं, पण साडेतीनशे अक्षरांत. त्यांनी ग्रासहॉफपासून सुरुवात केली: सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब दांडीची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेहून जास्त नसेल, तरच एखादी दांडी पूर्ण फेरी मारते. तुम्ही कदाचित... आणि अक्षरं संपली. वॉट काढला, काने काढले, नम्र सुरुवात काढली. तरीही बसेना. दिवसभर खाडाखोड करून शेवटी त्यांनी एवढंच पाठवलं: 'रविवारी सकाळी वाकोल्यात या. दत्त मंदिर रोडला येऊन हलते काका विचारा. दाखवतो.'

रविवारी खरंच एक मुलगा आला, विरारहून, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा. वॉचमनने त्याला वर आणून सोडलं आणि आपण टेस्टर असल्याचं सांगितलं. मुलगा दहाला आला. पोहे झाले, वायपर झाला, कृष्ण-सुदामा झाला, मावशींच्या मशीनवर प्रत्यक्ष पाय मारून झाला. दुपारचं जेवण झालं. गच्चीवरून उतरणारी विमानं दाखवून झाली, कारण चाकांची दांडी ताणून डेड सेंटरच्या किंचित पलीकडे नेली की ती वजनाने मिटत नाही, हे काकांना त्याला तिथेच सांगायचं होतं. दिवेलागणीला तो निघाला तेव्हा जिन्यातच त्याने फोन काढून अभिप्राय बदलला. एका ताऱ्याचे दोन केले.

"शंभर टक्के वाढ!" काका दुसऱ्या दिवशी वाण्याला सांगत होते.

गियर टाकले तर तिसरा देईन, असं मुलगा म्हणून गेलाय. नुसती दोन वर्तुळं एकमेकांना टेकवून फिरवली तरी त्याचं काम भागेल. पण काकांना दातांची वळणं खऱ्या इनव्होल्यूट आकाराची हवी आहेत, एकेक दात वेगळा काढलेला. नवी वही आणली आहे. काकूंनी मोरीच्या नळाला प्लंबर बोलावला.